बनांसाठी आणलेली ताडी

"ताडी कुठे गेली?"

मी अशा आवाजात विचारलं की परसातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. माझे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, समोर परातीत दोन किलो मैदा, मैद्याला मधोमध खळगा केलेला. त्या खळग्यात ओतायची ती बाटली माझ्या हातात होती आणि ती रिकामी होती.

"मी नाही प्यायलो," डेरिक म्हणाला. डेरिक माझा मोठा, वय वर्षं नऊ. कुठल्याही प्रश्नाला त्याचं पहिलं उत्तर हेच.

"तुला कोण विचारतंय? मनुका धुवायला सांगितल्या होत्या ना? धुतोयस की खातोयस?"

"चाखतोय."

धाकटी बेनिटा चाळणी घेऊन खाली बसली होती. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, केसांवर मैदा. ती काहीच बोलली नाही. एरवी ही पोरगी झोपेतसुद्धा बडबडायची. पण तेव्हा माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. माझं लक्ष होतं मागच्या दाराकडे, जिथे माझे सासरे उंबऱ्यावर बसून करवंट्या फोडत होते.

या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं झाली. आम्ही वसईचे, आणि तो ईस्टरच्या आदल्या दिवसाचा शनिवार. उद्या सकाळी चर्चहून आलं की उपवास सोडायचा तो घरच्या बनांनीच, ही माझ्या सासूबाईंची पद्धत. वर क्रुसाची खूण, आत मनुका, आणि पीठ फुगवायचं ते ताडीने. यीस्टची पुडी बाजारात ढिगाने मिळत होती, पण सासूबाईंच्या मते यीस्टचा बन म्हणजे बेकरीचा बन, त्यात काय मजा! त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि मी त्यांची सून म्हणून हट्टाला पेटले होते. बन होतील तर ताडीचेच.

आता तुम्ही म्हणाल, बाटलीभर ताडी सांडली तर एवढा गहजब कशाला? गहजब होता तो सासऱ्यांमुळे.

माझे सासरे बस्त्याव. पोरं त्यांना आजा म्हणायची. माणूस सोन्यासारखा, पण ताडी म्हटली की संपलं. त्या आधीच्या नाताळात ते डेरिकला सायकलवर पुढे बसवून निघाले आणि सायकलसकट गेले बावखलात. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून बरं. डेरिकचा हात मोडला, दीड महिना प्लास्टरमध्ये. माझा नवरा इनास तसा अबोल, पण त्या दिवशी त्याने सायकलला साखळी घातली, कुलूप ठोकलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि बापाला सांगितलं, "यापुढे माझ्या पोरांना घेऊन कुंपणाबाहेर जायचं नाही."

सासऱ्यांना काय काय बोलायचं होतं, तोंडावर दिसत होतं. त्याआधी दोन्ही पोरांना शाळेत सोडायचं, आणायचं, वाटेत बोरं काढून द्यायची, समुद्रावर न्यायचं, सगळं तेच करायचे. आता पोरं रिक्षाने जायला लागली आणि आजा फाटकापर्यंत येऊन उभा राहायचा. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी उभाच. मला राग होता, खूप होता, माझ्या लेकराचा हात मोडला होता. पण ते उभं राहणं मला बघवायचं नाही.

मग ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून चर्चमधून येताना, ते इनासला म्हणाले, "चाळीस दिवस थेंब घेणार नाही. ईस्टरला किल्ली देशील?"

"रविवार धरून," इनास म्हणाला.

"उपवासात रविवार धरत नाहीत. फादरना विचार."

"फादरना सायकल नाही द्यायची मला. रविवार धरून, शेहेचाळीस दिवस."

"बरं. धरून."

आणि माणसाने पाळलं हो! झावळ्यांचा रविवार झाला, गुड फ्रायडे झाला, पंचेचाळीस दिवस ताडीच्या वाटेला गेले नाहीत. हात थरथरायचे, रात्री येरझारा घालायचे, चहा मात्र दिवसाला चौदा कप. सारी आळी बघत होती. बायका मला विहिरीवर विचारायच्या, "काय गं फ्लोरी, टिकलाय का म्हातारा?" मी सांगायची, "टिकलाय!" आणि असं सांगताना माझी मान ताठ व्हायची.

इनासने मला आठ दिवस आधी बजावलं होतं, "यंदा यीस्ट आण. ताडी घरात नको." आणि मी काय म्हणाले? "बाटलीभर तर आणायची. सकाळी येईल, तासाभरात पिठात जाईल. आणि त्यांच्यावर एवढाही विश्वास नाही का तुझा?" मोठी विश्वास ठेवणारी मी! शनिवारी आठ वाजता ताडी काढणारा हरेश्वर भंडारी सायकलवरून बाटली देऊन गेला, मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि अंडी आणायला शेजारी गेले. शेजारी गेले म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, दोन अंड्यांना अर्धा तास.

आल्यावर बाटली रिकामी.

मी उंबऱ्याशी गेले. सासऱ्यांच्या खांद्यावर पंचा होता, त्या पंच्याला भपकन ताडीचा वास. मला आणखी काय पुरावा हवा होता?

"बाबा," मी म्हणाले, "ही बाटली."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग माझ्या मागे कुठेतरी पाहिलं. मग खाली मान घालून हातातल्या करवंटीवर कोयत्याचा घाव घातला.

"प्यायलो," ते म्हणाले.

"एक दिवस, बाबा! एक दिवस राहिला होता!" माझी जीभ मुळातच तिखट, त्यात डोकं फिरलेलं. "पंचेचाळीस दिवस काढलेत आणि शेवटच्या दिवशी माती खाल्लीत! मी नवऱ्याशी भांडून ताडी आणली तुमच्या भरवशावर. आता त्याला काय तोंड दाखवू? आणि या पोरांना काय सांगू, तुमचा आजा बनांची ताडी पिऊन बसला?"

आणखीही बरंच बोलले. सासूबाई असत्या तर असं झालं नसतं, हेसुद्धा बोलले. ते बोलायला नको होतं. बोलता बोलता माझ्याच डोळ्यांना पाणी आलं आणि पिठाच्या हाताने पुसलं तर डोळे चिकटले. डेरिक हसला आणि मार खाता खाता वाचला.

सासरे उठले. माझ्या हातातली बाटली घेतली.

"कुठे चाललात?"

"हरेश्वरकडे. पीठ तसंच ठेव. झाकून ठेव."

"एवढ्या उन्हात चालत?"

"मग कशावर जाऊ?" ते म्हणाले, आणि फाटक उघडून निघाले.

हरेश्वरची वाडी समुद्राकडच्या टोकाला. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, आणि वाट अख्ख्या आळीतून. मी ओट्यावरून बघत राहिले. पवित्र शनिवारी, सकाळी नऊ वाजता, ज्या म्हाताऱ्याने उपवासात ताडी सोडल्याचं सगळ्या गावाला ठाऊक, तो हातात ताडीची बाटली घेऊन मधल्या रस्त्याने चाललेला. पंच्यात गुंडाळून तरी न्यायची ना! पण नाही. खांद्यावरचा पंचा खांद्यावरच. पलीकडच्या सुझान मावशीने अंगण झाडता झाडता झाडू थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी आत आले.

साडेदहाला ते परत आले. घामाने निथळत होते. बाटली गळ्यापर्यंत भरलेली, बोटभरही कमी नाही.

"घे. मळ आता. ऊन आहे, तीनपर्यंत फुगेल."

मी मळायला घेतलं. नारळाचं दूध, अंडी, साखर, आणि ती ताडी. त्या वासाने स्वयंपाकघर भरून गेलं आणि ते मुद्दाम परसाच्या पार टोकाला जाऊन बसले. माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. प्यायला बसलेला माणूस हरेश्वरच्या वाडीत जाऊन भरलेली बाटली तशीच कशी आणेल? पण राग मोठा वाईट. तो असा शहाण्यासारखा विचार करू देत नाही.

"मम्मी, माझा बन फुटबॉलएवढा करू?" डेरिकने विचारलं.

"कर. आतून कच्चा राहील, तो तूच खा. बेनिटा, तू ये गं. मळायला मदत कर."

"नको."

"का? गेल्या वर्षी रडून रडून मळायला बसली होतीस."

"मला पोटात दुखतंय."

"मनुका खाल्ल्यास?"

"नाही."

कपाळाला हात लावून पाहिला, थंडगार. म्हटलं, असेल काहीतरी, उन्हाळा आहे. पीठ ओल्या फडक्याने झाकलं आणि पिंपावर उन्हात ठेवलं.

साडेबाराला इनास आला. चर्चच्या मैदानात रात्रीच्या विधीसाठी खुर्च्या मांडायला गेला होता. फाटकातून आत येतानाच मला कळलं, याच्या कानावर गेलंय. आमच्या आळीत बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

सासरे एव्हाना ओट्यावर येऊन बसले होते. तो सरळ बापासमोर जाऊन उभा राहिला. "खरं आहे?"

"हो."

"किती?"

"बाटलीभर."

इनासने खिशात हात घातला. मला वाटलं ओरडेल. पण ओरडला असता तर परवडलं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "मी किल्ली खिशातच ठेवली होती, बाबा. उद्या चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर सगळ्यांसमोर तुमच्या हातात देणार होतो. आता ती सायकल भंगारात देतो. डोळ्यांसमोर नको."

सासऱ्यांनी मान हलवली. "दे."

आणि तेवढ्यात माझ्या मागून अशी किंकाळी आली की माझ्या हातातली पळी खाली पडली.

"मी ओतली! आजाने नाही प्यायली! मी ओतली मोरीत!"

बेनिटा दारात उभी होती, दोन्ही मुठी आवळून, तोंड लालभडक.

"काय ओतलंस?" इनासला काही कळेना.

"ताडी! सगळी! मोरीत ओतली आणि वरून पाणी टाकलं!"

"का?"

"तूच रोज प्रार्थना म्हणायला लावतोस ना! आम्हाला मोहात पडू देऊ नकोस. मग मम्मीने मोह खिडकीत का ठेवला?"

आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो. पोरीने बरोबर बोट ठेवलं होतं, आणि ते माझ्यावरच होतं.

"आणि बूच?" इनासने विचारलं. "हरेश्वर बूच ठोकून घट्ट बसवतो. ते तुला निघालं?"

"दातांनी काढलं."

इनास मटकन ओट्यावर बसला. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. मग रडलाही असेल, मी नीट पाहिलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं. डेरिक मात्र चिडला. "म्हणजे मला मार बसता बसता राहिला तो हिच्यामुळे?"

"बाबा," इनास म्हणाला, "मग तुम्ही प्यायलो का म्हणालात?"

"फ्लोरीचा हात उठायच्या बेतात होता. पोरीला लागला असता."

इनासने किल्ली काढली आणि ओट्यावर बापाच्या शेजारी ठेवली. "उद्याची वाट कशाला बघायची? घ्या."

सासऱ्यांनी किल्लीकडे पाहिलं, पण उचलली नाही. "राहू दे. आधी बन होऊ देत."

तीन वाजता पीठ टम्म फुगलं. दोघं पोरं परातीवर तुटून पडली. डेरिकचा फुटबॉल झाला, बेनिटाने एक बन वळला, मग एक छोटा, मग त्याहून छोटा, आणि प्रत्येकाला नाव दिलं. पोटदुखी कुठल्या कुठे पळाली. मैद्याच्या पातळ लगद्याने वर क्रूस काढायचा, तर हिचे क्रूस बनावरून घसरून ताटलीत गेलेले. आमच्याकडे ओव्हन कुठला! मोठ्या पातेल्याच्या तळाला वाळू, वाळूवर बनांची ताटली, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. हे निखाऱ्यांचं काम कायम सासऱ्यांचं. निखारा कमी पडला तर बन पांढरा, जास्त झाला तर कोळसा, आणि त्यांचा हात कधी चुकला नाही.

पहिला घाणा निघाला. डेरिक आणि बेनिटा आपापले बन फुंकत अंगणात पळाले, इनास आंघोळीला गेला. परसात आम्ही दोघंच. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हणाले. "मी काय वाट्टेल ते बोलले. सासूबाईंचं नाव काढलं. मला माफ करा."

ते चिमट्याने निखारे सारखे करत राहिले. मग म्हणाले, "तुझं नाही चुकलं, फ्लोरी."

"असं कसं? तुम्ही प्यायलाच नाहीत."

"त्या पोरीने बूच दातांनी काढलं म्हणाली. आणि तुम्ही दोघांनी मान डोलावली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढचे दात आहेत कुठे तिला?"

मी उकिडवी होते, ती जमिनीवरच टेकले.

"तू अंडी आणायला गेलीस. मी पाणी प्यायला आत आलो. खरंच पाण्यालाच आलो होतो. बूच मी काढलं. तोंडापर्यंत आणली बाटली. पंचेचाळीस दिवसांनी तो वास... तुला नाही कळायचं. हात असा थरथरला की पंच्यावर सांडली. बघतो तर दारात बेनिटा उभी."

"मग?"

"मग काय. ओरडली नाही, काही नाही. हात पुढे केला. शाळेत बाई पोराच्या हातातली गोटी मागतात ना, तसा. मी दिली. तिने मोरीत ओतली, वरून दोन तांबे पाणी टाकलं. मला म्हणाली, आजा, मी कोणाला नाही सांगणार." त्यांनी चिमट्याने एक निखारा सरकवला. "आणि नाही सांगितलं बघ. एवढी रडली, पण माझं नाव नाही घेतलं. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं."

त्यांनी पोरीला वाचवायला खोटं बोलावं आणि पोरीने त्यांना वाचवायला, आणि दोघांनीही माझ्याच घरात, माझ्याच भीतीने.

"म्हणून मी प्यायलो म्हणालो ते काही अगदी खोटं नव्हतं," सासरे म्हणाले. "ती आली नसती तर प्यायलोच होतो. आता तुला सांगितलंय. किल्ली तिथे ओट्यावर आहे. पोरं तुझी आहेत. तू म्हणशील तसं. इनासला सांगायचं तर सांग."

हे बरं होतं! एवढा वेळ मी न्यायाधीश होऊन बसले होते आणि आता खरोखर न्याय करायची वेळ आली तर काही सुचेना. डेरिकचा तो प्लास्टरमधला हात डोळ्यांसमोर आला. फाटकाशी उभे राहिलेले तेही आले. हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

मी उठले. ओट्यावरची किल्ली घेतली आणि हाक मारली, "बेनिटा! इकडे ये."

ती आली, तोंडाला बनाचे कण. आधी आजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं असावं की मला कळलंय.

मी किल्ली तिच्या चिकट हातात दिली. "ही आजपासून तुझ्याकडे. आजाला सायकल हवी असली की तो तुझ्याकडे मागेल. द्यायची की नाही, तू ठरवायचं. मला नको, पप्पाला नको, कोणाला विचारायचं नाही."

"मी ठरवायचं?"

"तू."

तिने किल्लीकडे पाहिलं, मग आजाकडे. "आजा, चालेल?"

सासऱ्यांनी मान हलवली आणि घाईघाईने निखाऱ्यांकडे वळले. दुसऱ्या घाण्याचे बन थोडे करपले. त्यांचा हात चुकलेला मी तेवढाच पाहिला.

इनासला मी बुचाचं कधीच सांगितलं नाही. त्यानेही किल्ली पोरीकडे का, हे विचारलं नाही. सासरे पुढे अकरा वर्षं जगले. रोज सकाळी शाळेच्या वेळेला ते बेनिटासमोर वाकून उभे राहायचे, ती त्यांचं तोंड हुंगायची, अगदी डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून, आणि मग दप्तरातून किल्ली काढून द्यायची. आधी सहा वर्षांची होती, मग दहाची झाली, पुढे कॉलेजला जायला लागली तरी हा नेम चुकला नाही.

अकरा वर्षांत दोनदा तिने किल्ली दिली नाही. दोन्ही वेळा आजाने तिचं दप्तर खांद्याला लावलं आणि तिच्यासोबत चालत गेला.